वारा, तीन नंबरवर

डीपी रोडच्या लॉनवर आज
तुमच्या मावसभावाच्या नातीचं रिसेप्शन.
पत्रिकेच्या तळाशी बारीक ठशात:
पुरुषांनी सूट, बायकांनी पैठणी, आहेर आणू नये.
'आहेर नको, आणि आहोत तसे येऊही नका,'
म्हणालात, आणि चष्मा पुसत बसलात.

सूट आहे. लक्ष्मी रोडच्या शिंप्याने
बोटीसाठी म्हणून घाईघाईने शिवलेला.
खिशांच्या तोंडांवरचे कच्चे टाके
अजून उसवले नाहीत आपण.

बोटीवरच्या सात रात्रींतल्या दोन नटायच्या होत्या.
पैसे हृषीकेशने भरलेले, सिंगापूरहून फोनवर बजावलेलं:
बाबा, फॉर्मल नाइट चुकवू नका, फोटो पाठवा.
पहिल्या रात्री तुम्ही आरशासमोर उभे.
गळ्याचं बटण. एकदा. दोनदा.
मी पाठमोरी, पिना शोधत होते
ज्या माझ्या हातातच होत्या.
मग मीच म्हटलं, पाय फार दुखताहेत हो आज.
'मग राहू दे,' तुम्ही म्हणालात, 'तुझ्या पायांसाठी.'
एकेचाळीस वर्षांत इतक्या पटकन
माझं दुखणं तुम्ही कधी ऐकलं नव्हतं.

बाल्कनीत दोन खुर्च्या, टेबल परातीएवढं.
झाकणाखाली सूप आलं, रुमालात गुंडाळलेले काटे-सुऱ्या;
ते काटे-सुऱ्या मी आत गादीवर ठेवून आले.
त्यांचा भात, आपलं मेतकूट,
तीन पिशव्यांत बांधून नेलेलं लिंबाचं लोणचं.
खाली काळं पाणी, मागे मागे जाणारा फेस,
आणि वारा असा
की माझ्याही वाटीतलं सूप माझ्या पदरावर.
'वारा फार आहे.'
'फारच.'
भात सांडला, वाऱ्याने. चमचा पडला, वाऱ्याने.
ग्लास हिंदकळला, तो मात्र समुद्राने.
त्या रात्री तुमच्या उजव्या हाताने
काहीएक केलं नाही.

दुसऱ्या फॉर्मल नाइटला पाय कुणी विचारलेच नाहीत.
हृषीकेशला फोटो पाठवला, नुसत्या पाण्याचा.
त्याने लिहिलं, यात तुम्ही कुठे आहात?

आता साडेसात. नदीच्या अलीकडे आपण,
चौथा मजला, सिंहगड रोडची बाजू.
पलीकडे लॉन पेटलंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवे,
काठाला बांधून ठेवलेल्या बोटीसारखं.
आपली बोट रात्री बाहेरून कशी दिसते
ते पाहायचं राहूनच गेलं होतं. आत होतो ना.

मध्ये मुठा, जलपर्णीखाली कुठेतरी.
मावसभावाचा फोन: निघालात का?
माझे पाय, मी सांगितलं.
माझे पाय आता सगळ्या गोतावळ्यात बदनाम आहेत.
सांगणार नाही कुणाला, की डॉक्टरांनी
जानेवारीत तुम्हाला कागदावर चकली काढायला लावली,
मध्यापासून बाहेर, गोल गोल,
आणि ती फाइल सूटच्याच कपाटात आहे,
सूटच्या मागे.

आज पिठलं, भात, कांदा बुक्कीने फोडलेला, मी.
बाल्कनीत एप्रिल. तुळशीचं पानसुद्धा हलत नाही.
तुम्ही घास उचलता.
अर्ध्यावर थांबता.
माझ्याकडे नाही, तुळशीकडे बघता.

मी उठते. हॉलमधला उभा पंखा ओढत आणते,
वायर कशीबशी उंबऱ्यापर्यंत पुरते,
आणि तीन नंबरवर टाकते.
पेपर उडतो, डासांची अगरबत्ती विझते,
पिठल्याचा थेंब माझ्या घरच्या साडीवर.

'वारा सुटलाय,' तुम्ही म्हणता.
पलीकडे सनई थांबून काहीतरी धडधडायला लागलंय.
हो, म्हणते मी.
भात वाढू?