माणसाळलेली

नवी चप्पल घेतली की पहिले पंधरा दिवस
बाबालाल घालायचा.
"आण हिकडं. तुझं पाय म्हंजी लोणी.
माणसाळवून देतो."
फौंड्रीत भाजलेले त्याचे तळवे,
त्यात अनवाणी फुटबॉलची बारा वर्षं.
करकरत जायचा उद्यमनगरला,
तेल पाजून, नरमावून परत द्यायचा.
चाळीस वर्षांत मला फोड म्हणून नाही.

शेवटचा जोड त्याच्याकडंच होता.
चाळिसावा झाल्यावर शमीम घेऊन आली,
पेपरात गुंडाळून.
"अब्बांनी तेराच दिवस घातली, काका.
दोन राहिले."

मुलगा पुण्याहून मऊ बूट पाठवतो.
साखर आहे, तळव्यांना आता फारसं कळत नाही.
बायको काही बोलत नाही,
बूट तेवढे पुसून दाराशी ठेवते.

मी चप्पल घालून रंकाळ्याला फेरी मारतो.
अंगठ्याशी खळगा आहे, त्याच्या मापाचा;
माझा अंगठा त्यात सैल बसतो.
उजवी अजून थोडी करकरते.
ते दोन दिवस
कधीच होऊन गेले.

घरी आलो की दिव्याखाली
तळवे उलटून बघतो.
डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.

फोड नाही.