हवेची वाट नसलेल्या नळ्या

ऑर्गनचा भाता ओढायला मी नवव्या वर्षी लागले.
सारेमा बेटावरचं आमचं चर्च,
बाहेरच्याहून आत थंडी जास्त,
आणि भिंतीमागं मी, लाकडी दांडा वर-खाली, वर-खाली.
मंडळी गायची ती मला कधी दिसली नाही.

समोरून पाहिलं की एकवीस नळ्या दिसतात,
चंदेरी, मधली सगळ्यांत उंच.
कडेच्या सहा कधीच वाजत नाहीत.
हे मला काल्यूनं सांगितलं.
सूर लावायला तो तार्तूहून यायचा,
बोटीत उलट्या करकरून पिवळा पडलेला,
खिशात लोकरीची चिंधी आणि चिमटा.
बिघडल्यात का, मी विचारलं.
नाही, म्हणाला, केल्याच अशा.
आत हवेला वाटच ठेवलेली नाही.
मग कशाला?
चिमटा दातांत धरला होता म्हणून असेल,
शिडीवरून तो काही बोलला नाही.

आदल्या मार्चात एन्देलला नेलं होतं.
माझा थोरला भाऊ, सोळा वर्षांचा.
शेजाऱ्यांची करवत परत द्यायला गेलेला,
तेवढ्यात त्यांच्या दाराशी ट्रक लागला.
यादीत पाच नावं होती, घरात सापडली चार.
शिपायांना आकडा जुळवायचा होता.
करवत तेवढी आमच्याकडे परत आली.

आईचा प्रश्न एकच होता.
म्हातारे पाळक म्हणाले, देवाची योजना असते, लेयदा.
आई उठली आणि गोठ्यात गेली,
दूध काढून झालं होतं तरी.

मग उनो आला. नवा पाळक, चष्म्याला दोरा बांधलेला.
तो टेबलावरचे भाकरीचे कण
बोटानं एकेक टिपत राहिला बराच वेळ.
म्हणाला, मला माहीत नाही.
आणि गेला नाही.
अंधार पडला तसा त्यानं सुरी मागितली,
आईबरोबर बटाटे सोलले, जाड सालं काढत,
आईनं त्यावरून त्याला बोल लावला.
त्या रात्री आई झोपली.
मी जागी होते, मला ठाऊक आहे.

आता भात्याला मोटर बसवलीय.
मी तिसऱ्या बाकावर बसते, काठी शेजारी,
आणि गाण्याच्या वेळी नजर त्या सहांकडे जाते.
अळीमिळी गुपचिळी.
किती वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते!
खांदे निखळेस्तोवर हवा भरली,
हूं नाही की चूं नाही.

गेल्या शरदात सफाईला वर चढले,
चढू नको म्हणत होते सगळे.
खाली कुणी मुलगी सराव करत होती,
तेच तेच कडवं, तिथंच चुकत.
मी फडकं लावलं कडेच्या नळीला
आणि ती थरथरत होती.
फार नाही. मांजराच्या पोटाइतकी.
याला मी उत्तर म्हणणार नाही.
काल्यू असता तर म्हणाला असता,
शेजारची वाजली की पत्रा हलतोच.
असेल. मी हात काढला नाही
मुलगी घरी जाईपर्यंत.

रात्री अजून विचारते, एन्देल कुठं पुरलाय,
कुणी पुरला तरी का.
विचारते आणि आमेन म्हणते,
मग डोळे मिटतात, मला मिटू द्यावे लागत नाहीत.

शेजाऱ्यांपैकी कुणी परतलं नाही,
त्यामुळे करवत आमच्याकडेच आहे.
वसंतात तिला तेल लावते.
उसनी आणलेली वस्तू, गंजू कशी द्यायची?