गरम हवेचा पत्ता

फरवानियात जुलैमध्ये नळाला गार पाणी येत नाही.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
म्हणून आम्ही गिझर बंद ठेवतो
आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतो.
नवख्या माणसाला हे पटायला एक उन्हाळा लागतो.

शर्वाणीने हवल्लीतून कार्ड आणलं,
कुणाचं तरी जुनं, तिच्यासाठी नवं,
तीन पंख्यांचं, विटेएवढं जड.
शेजारच्या मल्याळी पोरांना दोन वर्षं गणित शिकवून
जमवलेले दिनार त्यात गेले.
दुकानदार म्हणाला म्हणे, थोडं गरम होतं.
कुवेतमधल्या माणसाने 'थोडं गरम' म्हटलं
की मला घाम फुटतो.

रात्री ड्यूटीवरून आलो तर
डब्याचं एक दार काढून पलंगावर,
शेजारी आमचा टेबलफॅन मान हलवत बसलेला.
पडद्यावर चौऱ्याण्णव,
मग काळोख.
"बाबा, मेलं परत."

मी तळहाताची मागची बाजू लावली,
ती लहान असताना कपाळाला लावायचो तशी.
एकोणीस वर्षं मॉलच्या चिलरची नाडी बघतोय.
खेळातलं मला ओ की ठो कळत नाही.
हवेतलं कळतं.

पुढची जाळी काढली. आत तौझची पिठी,
गुलाबीसर, सीमेपलीकडून विनाव्हिसा आलेली.
बाथरूममध्ये नेऊन झाडली, दोघंही शिंकलो.
प्रोसेसरवरच्या जुन्या पेस्टचे
पोपडे झाले होते, ते स्पिरिटने पुसले.
नवी किती लावू, तिने विचारलं.
तुझी आई पोळीला तूप लावते तेवढी नको,
म्हटलं, आत्या लावते तेवढी.

आणि मग खरी गोम सापडली.
पुढचे दोन पंखे हवा आत ओढत होते,
मागचाही आतच. कुणीतरी उलटा बसवलेला.
सगळे येणारे. जाणारा कोणीच नाही.
चार स्क्रू काढून मी त्याचं तोंड फिरवलं.
"येणाऱ्याची सोय सगळेच बघतत गो,
जाणाऱ्याक वाट व्हयी."
हे मला विमानतळावर कुणी सांगितलं नव्हतं.

एकाहत्तर. तिथेच थांबला आकडा.
तिने हेडफोन चढवला
आणि आमच्या खोलीत डोंगर उभा राहिला,
देवदार, दरी, वर बर्फ पडायला लागला,
एकेक कण वेगळा.
तिने बर्फ पाहिलेला नाही.
मीही नाही, गोठलेल्या पाइपावरचा सोडला तर.
तेवढा बर्फ रंगवायला कार्ड तीनशे वॉट जाळतं.
मागच्या जाळीशी हात धरला:
बर्फ पडत होता तिकडे, इकडे झळ.

"ही हवा जाते कुठे आता?"
एक कान मोकळा करून तिने विचारलं.
खोलीत.
"मग?"
एसी ओढून घेतो, बाहेर टाकतो.
"मग?"
अशा वेळी बापाने झोपायला जा म्हणावं.
पण मी गार काही करत नाही, बाळा,
उष्णता मरत नाही,
तिला इकडून तिकडे ढकलायचा पगार मिळतो मला.
हे तिला सांगितलं नाही. पडदा सरकवला.

पहिल्या मजल्यावर आमचं घर.
युनिटच्या बरोबर खाली, गल्लीत,
डिलिव्हरीवाला बाइक टेकवून उभा,
हेल्मेट कोपरात, मोबाइलचा उजेड हनुवटीवर.
वर न बघताच तो दोन पावलं डावीकडे सरकला,
अंधारात आपल्याच घरातल्या
पलंगाचा पाय चुकवावा, तसा.

ती बराच वेळ बघत राहिली.
खेळ काही बंद केला नाही तिने.
सेटिंगमध्ये गेली
आणि बर्फ थोडा कमी केला.
अडुसष्ट.
खालचा माणूस तोवर निघून गेला होता.