उगवण

तिनं बायोडाटा टेबलावरून पुढे सरकवला
आणि बोट ठेवलं ते मोकळ्या जागेवर.
"सर, इथं अकरा महिने नाहीत.
तुम्ही विचारायच्या आधी सांगते,
मला काढलं होतं."

वैजयंता डोईफोडे, राहणार परतूर,
बीएस्सी अ‍ॅग्री.
जालना एमआयडीसीत आमची बियाण्यांची कंपनी,
दुसरा मजला, कूलरमध्ये पाणी नाही,
आणि ती खुर्चीच्या पुढच्या काठावर,
माणसं बँकेत बसतात तशी.

"का काढलं?"
"सोयाबीनचा लॉट होता. शंभर-शंभर दाण्यांचे चार रोल लावले.
आठव्या दिवशी उघडले. एकसष्ट टक्के.
साहेब म्हणले, बहात्तर लिही.
मी म्हणलं, परत लावते.
परत एकसष्टच आले, सर."

वीस वर्षं झाली, मी मुलाखती घेतोय.
रिकाम्या महिन्यांना लोक काहीबाही नेसवून आणतात:
वडिलांचं आजारपण, एमपीएससी,
एकानं तर विपश्यना सांगितली होती, अकरा महिन्यांची.
हिनं काहीच नेसवलं नव्हतं
आणि मला, का कोण जाणे, तिचा राग आला.

"तुम्हाला काही विचारायचंय?"
हे मी शेवटी म्हणतो, म्हणायची पद्धत आहे म्हणून.
पोरं पीएफ विचारतात, कंपनीची बस, रविवार.
ती म्हणाली,
"माझ्या आधी इथं कोण होतं? ते का गेले?"

खिडकीखाली पिशव्या शिवायचं मशीन धडधडत होतं.
प्रत्येक पिशवीला एक लेबल, कायद्यानं:
वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख,
उगवण किमान इतकी.
दाण्याला एवढं सांगावं लागतं.
ती बसली होती त्या खुर्चीला
कुठलंच लेबल नव्हतं.

नदीम होता तिथं, साडेतीन वर्षं.
मार्चमध्ये एका संध्याकाळी
त्यानं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं, वर पेन ठेवला.
"हा आकडा तुम्हीच लिहा सर,
तुमचं अक्षर चांगलंय."
मी लिहिला.
अक्षर खरंच चांगलं आहे माझं.

"घरगुती अडचण," मी म्हणालो.
"बरं," म्हणून तिनं फाइलची नाडी बांधली.
"कळवतो," मी म्हणालो.
"बरं," ती पुन्हा म्हणाली.

वरून दिसत होती.
गेटवरच्या वहीत तिनं बाहेर पडायची वेळ लिहिली,
मनगटावरचं घड्याळ बघून, मिनिटासकट.
वॉचमनला इथं कोण एवढं मिनिटासकट लिहून देतं?
मी चष्मा टेबलावरच विसरून खाली उतरलो.

शेअर रिक्षात बसली होती ती, मागे, कडेला.
"नदीमला घरगुती अडचण नव्हती."
"माहितीये, सर.
बदनापूरला एकाच बॅचला होतो आम्ही.
जागा खाली झाली, हे त्यानंच सांगितलं.
का झाली, तेपण."
"मग आलीस कशाला?"
"बघायला. तुम्ही सांगता का."

एक टेम्पो गेला, सळया वाजवत.
मी विचारलं, "मग आत्ता सांगितलं ते?
हे धरायचं की नाही?"

तिनं खरोखर विचार केला. मानेवरचा घाम पुसला.
"आठव्या दिवसानंतर उगवलेलं
आम्ही मोजत नाही, सर."

हे बोलून रिक्षा निघून गेली असती तर बरं झालं असतं.
पण रिक्षावाल्याला अजून दोन सीट हव्या होत्या.
"मंठा चौफुली, मंठा चौफुली," तो ओरडत राहिला,
मलाही विचारलं त्यानं, येताय का.
ती फाइल मांडीवर घेऊन समोर बघत बसली,
मी उन्हात उभा, चष्म्याविना,
आणि कितीतरी वेळ कुणीच येईना.