पत्र्यावरचा भोपळा

पत्रा उडू नये म्हणून छपरावर सात दगड आहेत
आणि एक भोपळा.
मार्चात शेतातून आणला तेव्हा
मीच शिडीवर चढून ठेवला त्याला
आठव्या दगडाच्या जागी.
उन्हात साल धरेल,
वाऱ्यालाही जरा धाक राहील.

आता जून संपत आला.
मोखोटलोंगच्या डोंगरात हा महिना म्हणजे
बादलीतलं पाणी फोडून प्यायचा महिना.
काल दुपारपासून बर्फ.
आधी दुकानाकडची वाट मिटली,
मग दुकानच मिटलं.
घरात मक्याचं पीठ, चार कांदे,
कोंब फुटलेला एक बटाटा
आणि काटलेहोने वेल्कमहून पाठवलेली
तिखटाची बाटली, तळाशी चिकटलेली.
मी वर पाहिलं.

उतरवताना तो कवेत मावेना.
साल इतकी गार की बोटं चिकटली.
विळ्या-भोपळ्याचं वैर म्हणतात,
पण वैरी तरी तोलामोलाचा हवा.
सुरी अर्ध्यात रुतली,
पुढे जाईना, मागे येईना,
माझ्या थोरल्या दिरासारखी.
शेवटी उचलला आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटला.
फुटला.
त्या करड्या दिवसात एवढा केशरी रंग
एकदम उघडा पडला
की मी दार लावून घेतलं.

मेंढवाड्यातून खणलेल्या शेणाच्या विटा
आधी धूर देतात, मग विचार करतात, मग ऊब.
तीन पायांच्या काळ्या भांड्यात
चरबीवर कांदा. त्याला घाई करायची नाही,
तो डूख धरतो.
मग फोडी, बटाटा, मीठ,
बाटली विसळून निघालं तेवढं तिखट.
आणि पाणी म्हणून बर्फच:
भांडं शिगोशीग भरावं,
बघावं तर तळाशी वाटीभर.
मोलेफी खाणीतून सुट्टीवर यायचा
तेव्हा त्याची वचनं अशीच असायची.
पुन्हा ओंजळ. पुन्हा.
मऊ झाल्यावर लाकडी डावाने घोटत बसले,
हात दुखेपर्यंत,
डाव सोडला तर उभा राहीपर्यंत.

दाराबाहेर आधी कुत्रा, मग मेंढ्या, मग सेचाबा.
दिराचा गुराखी. अकरा वर्षांचा, फार तर बारा.
अंगावरची घोंगडी गोठून फळी झालेली.
काढून भिंतीशी ठेवली
तर ती त्याच्याशिवायच उभी राहिली.

तीन वाडगे. एक शब्द नाही.
चौथ्याला म्हणाला, "गोड आहे."
तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.
कान मात्र लाल झाले होते,
म्हणजे कान होते अजून.
मी बिया भाजायला घेतल्या,
वीसेक बाजूला काढल्या ऑक्टोबरसाठी.
परतून पाहते तर तो बसल्या जागी झोपलेला,
वाडगा मांडीत.

रात्री पत्रा बोलू लागला.
एक कोपरा उचलायचा, आपटायचा,
नेमका तो कोपरा.
उठायला हवं, मी स्वतःला सांगत राहिले.
पण पोट गरम होतं
आणि कित्येक दिवसांनी पाय माझे वाटत होते.
केव्हातरी आवाज थांबला.
वारा पडला असेल म्हणून
मी कूस बदलली.

सकाळी मुलगा नाही, मेंढ्या नाहीत.
बर्फात पावलं: दारापासून ओढ्यापर्यंत,
ओढ्यापासून शिडीपर्यंत,
ही परतीची खोल, टाचा रुतलेली.
वर आठ दगड.
आठवा ओला, काळा,
दोन्ही हातांनी मलाही उचलला नसता.

दोन वाडगे उरले आहेत.
विटा दमट आहेत, पेटायला वेळ घेतात.
शिडी मी काढलेली नाही.