ताशी हजार लिटर

स्पंदना नर्सिंगला हैदराबादला गेली
आणि तीन फुटी काचेची टाकी आमच्या गळ्यात पडली.
दोन गोल्डफिश, खाऊन खाऊन मोसंबीएवढे झालेले,
आणि आतला जुना फिल्टर, जो घाण फक्त
इकडची तिकडे करायचा.

विजापूर वेशीजवळ तौफीक बागवानचं दुकान.
"बाहेरचा घ्या, काका. स्टँडखाली बसतो डबा.
एका नळीने पाणी खाली, दुसरीने वर.
टाकी एकशेतीस लिटरची ना? मग ताशी हजार तरी पाहिजे,
गोल्डफिश म्हणजे घाण करणारी जात."
झाकण उघडून दाखवलं:
तळाला चिनी मातीच्या पोकळ कांड्या,
वर जाड स्पंज, त्यावर पांढरा कापूस.
नान्नांनी एक कांडी उचलली,
उजेडाकडे धरून आरपार पाहिली.
"सूत कुठंय?"

तौफीक हसला. मी नाही.
चाळीस वर्षं यंत्रमागावर, कान केव्हाच गेलेले.
चौकटीवर तळहात ठेवून सांगायचे,
उद्या पट्टा तुटणार.
तुटायचा.

दुकानात तीन डबे चालू होते, नळ्या बादल्यांत सोडलेल्या.
सगळ्यात महागाचा:
"आवाजच नाही बघा. उशाशी ठेवा."
नान्नांनी हात ठेवला. काढला.
"हा बंद आहे."
"चालू आहे, आजोबा. पाणी बघा की."
"पाणी पडतंय. हा चालत नाही."
स्वस्तातला थरथरला तसं तोंड वाकडं केलं,
शिकाऊ पोराच्या मागाकडे बघून करायचे तसं.
मधल्यावर हात राहिला.
एक गिऱ्हाईक येऊन पिशवीत मासे घेऊन गेलं,
तरी हात तिथंच.
मी आपला खोक्यावरचं वाचत होतो,
वॅट, वॉरंटी, पाणी किती उंच चढतं.
त्यांनी एवढंच विचारलं,
"ह्याचा वायसर सुटा मिळतो का?"
मिळतो.
"मग बांध."

पहिल्याच महिन्यात अरुणाला स्पंज धुवायचा होता,
साबण लावून, चादरीसारखा आपटून.
म्हटलं, त्या काळ्या राडीतच
पाणी साफ करणारे जीव राहतात.
ती म्हणाली, पाच दिवसांनी नळ येतो,
त्यातली एक बादली माशांची,
वर ह्यांची राडही जपायची!
तरी जपली. टाकीतल्याच पाण्यात
हलक्या हाताने दाबून, परत.

मे महिन्यात एका रात्री दोनला लाइट गेली.
मला जाग आली ती उकाड्याने.
नान्ना आधीच स्टँडसमोर फरशीवर बसलेले,
शेजारी वाजलेला फोन ज्यांना ऐकू येत नाही ते.
तळहात डब्यावर.
"मग्गम थांबला," म्हणाले,
अर्धं तेलुगूत, अर्धं कुणाशी कोण जाणे.
उठले, तांब्या घेतला,
टाकीतलंच पाणी भरून वरून धार सोडू लागले.
तांब्या, धार. तांब्या, धार.
मी म्हटलं, द्या इकडे, बसा थोडं.
कोपराने बाजूला सारलं मला.

सव्वापाचला पंखा फिरला.
डबा दोनदा खोकला,
काळ्या चिंध्या वर उडाल्या, हळूहळू खाली बसल्या.
मासे काचेशी येऊन तोंडं उघडू-मिटू लागले,
ह्यांना काय, खायला पाहिजे.
नान्नांनी ओला हात लुंगीला पुसला,
डब्यावर ठेवला,
जरा वेळाने म्हणाले,
"वायसर आणून ठेव."