निळा

कागदावर छापलं होतं :
बाळाचे ओठ निळे दिसले, तर ताबडतोब या.
कुणाचे ओठ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं, कोण जाणे.

वर्नेटानं नखं पाहिली,
खालचा ओठ आतून उलटून पाहिला.
फोनवर म्हणाली, राखाडी पडलाय.
तिकडून : पण निळा आहे का?

ग्रीनवुडहून जॅक्सन, शंभर मैल.
भावाची गाडी, अर्धी टाकी,
कापसाची शेतं संपता संपेनात.

शेजारच्या पाळण्यातल्या
पिवळ्या केसांच्या बाळाच्या काळजालाही
तेवढंच भोक होतं.
त्याचे दुधाचे दात पडताहेत आता.
त्याची आई दुकानात भेटते,
दोघी हवापाण्याचं बोलतात.

डेझमंडचं टोपडं
गाडीच्या खणात आहे अजून.
निळं.
मुलगा म्हणून दवाखान्यानं दिलेलं.